अंकांचा अखत्यार

इ. स. १८७६ च्या जानेवारी महिन्यात, ऐन हिवाळ्यातील एका रात्री, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थॅम्प्टन गावी मुखवटे चढवलेली काही माणसे बँकेकडे न जाता प्रथम तेथील रोखपालाच्या राहत्या घरात शिरली, घरातल्या मंडळींना त्यांनी बांधून टाकले, आणि रोखपालाचा छळ करून तिजोरीखान्याच्या दाराचे अंक त्याच्या तोंडून वदवून घेतले. त्या रात्री दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीचे रोखे व रोकड बँकेतून नाहीशी झाली. पोलादाची जाडी वाढवून आणि कुलपाच्या पोटातील चक्रे अधिकाधिक गुंतागुंतीची करून कुलूपकारांनी कित्येक पिढ्या जे चातुर्य खर्च केले होते ते या प्रसंगी निरुपयोगी ठरले, कारण तिजोरीचे रहस्य ज्या ठिकाणी ठेवले होते ते ठिकाण, म्हणजे एका कुटुंबवत्सल मनुष्याचे मस्तक, पोलादाचे नव्हते.

या संकटावरील उतारा तोवर निघालेला होता, परंतु तो सर्वत्र रूढ झालेला नव्हता. न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील जेम्स सार्जंट या कुलूपकाराने १८७३ साली घड्याळाचे कुलूप सिद्ध केले होते, आणि पुढच्याच वर्षी ते इलिनॉयमधील मॉरिसन येथल्या एका बँकेच्या दारावर चढले होते. संध्याकाळी दार लावताना घड्याळाला किल्ली देऊन जितके तास नेमावेत तितके तास उलटेपर्यंत ते दार कोणालाही, अगदी अंक मुखोद्गत असलेल्या मालकालाही, उघडता येत नसे. रोखपालाच्या हातून काही घटका अधिकार काढून घेणे हेच त्याच्या जिवाचे रक्षण होय, हा विचार आज साधा वाटतो. तथापि ज्या काळी तिजोरीची किल्ली कमरेला असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई त्या काळी तो सुचणे ही सामान्य गोष्ट नव्हे. कुलपांच्या सबंध इतिहासात याहून अधिक दयाळू कल्पना निदान मला तरी आढळलेली नाही.

आज बँकांत, सराफांच्या पेढ्यांवर, पेट्रोलपंपांवर आणि सुखवस्तू घरांच्या कपाटांतही आकड्यांची बटणे असलेले जे इलेक्ट्रॉनिक कुलूप दिसते ते सार्जंटच्या त्या घड्याळाचे थेट वंशज आहे. ते विकत घेणारा मनुष्य बहुधा एवढेच जाणतो की सहा आकडे दाबले असता हिरवा दिवा लागतो, बारीकसा आवाज होतो आणि मूठ फिरते. परंतु कुलपासोबत जी लहानशी पुस्तिका येते आणि जी बहुतेक घरांत न वाचताच खणात पडून राहते, ती वस्तुतः एखाद्या खजिन्याच्या कारभाराचा जाबता आहे. दार उघडण्याची मुभा कोणास आहे, कोणी कोणाच्या संमतीवाचून त्याला हात लावू नये, कोणत्या वेळी प्रत्यक्ष मालकानेही तिष्ठत राहावे, आणि कोणी केव्हा दार उघडले याची नोंद कोणापुढे ठेवावी, ही सारी कलमे त्या पुस्तिकेत असतात. फक्त ती शब्दांऐवजी बटणे दाबून लिहायची असतात.

यंत्राची रचना थोडक्यात सांगितली म्हणजे पुरे. दाराच्या बाहेर दिसणारी बटणांची चकती हे कुलपाचे केवळ कान आहेत. बुद्धी म्हणावी असे जे काही आहे ते दाराच्या आतल्या अंगाला, पोलादाच्या आड बसवलेले असते, आणि सुजाण बनावटीच्या कुलपात बाहेरची चकती उपटून काढली तरी दार उघडत नाही. अंक जुळला की आतील लहानशी मोटार किंवा विद्युतचुंबक एक अडसर बाजूला सारतो. दाराचे जाडजूड दांडे मागे ओढण्याचे श्रम माणसाच्या हातालाच करावे लागतात, म्हणूनच तेवढ्याशा बॅटरीवर हे काम वर्षानुवर्षे चालते. ही बॅटरी, पुष्कळदा नऊ व्होल्टची, बाहेरच्या चकतीतच ठेवण्याची रीत आहे. ती आत ठेवली आणि संपली तर मालकच बाहेर अडकेल, हे त्यामागचे कारण. अंक ज्या स्मृतीत साठवलेले असतात तिला विजेचा आधार लागत नसल्याने बॅटरी काढली तरी ते पुसले जात नाहीत. अमेरिकेतील मास-हॅमिल्टन कंपनीने तर १९९० च्या दशकात सरकारी गुपिते ठेवण्याच्या कपाटांसाठी बॅटरीवाचून चालणारे इलेक्ट्रॉनिक कुलूप प्रचारात आणले; त्याची चकती हाताने फिरवली की त्या फिरण्यातूनच त्याला लागणारी वीज उत्पन्न होते.

आता अंकाकडे वळू. सहा आकड्यांचे एकंदर दहा लाख अंक संभवतात. युरोपात अशा कुलपांसाठी ईएन १३०० नावाचे जे प्रमाण आहे त्यात सर्वांत खालच्या वर्गातील इलेक्ट्रॉनिक कुलपालाही निदान ८०,००० निरनिराळे अंक घेता आले पाहिजेत आणि सर्वांत वरच्या वर्गातील कुलपाला ३० लाख, अशी अट आहे. तथापि केवळ संख्येच्या विपुलतेने चोर अडत नाही; त्याला अडवतो तो दंडकाल. पुष्कळ कुलपांत लागोपाठ चार वेळा चुकीचा अंक दाबला की कुलूप पाच मिनिटे मौन धारण करते आणि त्या अवधीत खरा अंक दाबला तरी दाद देत नाही. सोप्या हिशोबासाठी पाच मिनिटांत चार प्रयत्न असे प्रमाण धरले, तर दहा लाख अंक ओळीने दाबून पाहण्यास साडेबारा लाख मिनिटे लागतील, म्हणजे अहोरात्र बसून सुमारे दोन वर्षे साडेचार महिने. एवढा काळ कोणता चोर एका दारापुढे बैठक मारील?

परंतु हे सारे गणित एका गृहीतावर उभे आहे, आणि ते म्हणजे अंक निवडणाऱ्याने तो दहा लाखांतून निवडला आहे. प्रत्यक्षात मनुष्य दहा लाखांतून निवडतच नाही. त्याने दिवस, महिना आणि वर्ष असा जन्मतारखेचा अंक घेतला की शंभर वर्षांतील सगळ्या तारखा मिळून जेमतेम साडेछत्तीस हजार भरतात आणि दोन वर्षांचे काम महिन्याभरात उरकते. आणि चोर जर घरच्या माहितीतला असेल, मुलांचे वाढदिवस, लग्नाची तारीख, वडिलांची पुण्यतिथी हे सारे त्याला ठाऊक असेल, तर चार डझन तारखा पडताळण्यास त्याला एक तास पुरतो. बटणांवरची झीज हा आणखी एक चहाडखोर. एकच अंक वर्षानुवर्षे ठेवला की त्यातील सहा बटणे काळवंडतात, आणि ते सहा आकडे एकदा कळले म्हणजे त्यांचे केवळ ७२० क्रम उरतात. म्हणून अंक अधूनमधून बदलावा ही सूचना केवळ शिष्टाचाराची नव्हे.

याहूनही घातक अशी जी एक हयगय आहे तिचे नामांकित उदाहरण भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी आपल्या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत दिलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील लॉस अलामोस येथे अणुबाँबचे काम चाललेले असताना तेथील गुप्त कागद चक्रांच्या कुलपांच्या कपाटांत ठेवले जात, आणि ही कुलपे उघडण्याचा छंद फाइनमन यांना जडला होता. एका सहकाऱ्याच्या कपाटाचा अंक त्यांनी ताडला तो असा: गणितज्ञ लोकांना प्रिय असलेल्या एका स्थिर संख्येचे पहिले आकडे, २७, १८, २८. त्याच अंकाने त्या गृहस्थाची दुसरी कपाटेही उघडली. पण खरी थक्क करणारी गोष्ट त्यांना युद्ध संपल्यावर तेथील कुलूपकाराकडून कळली. एका बड्या अधिकाऱ्याची अवजड तिजोरी त्या कुलूपकाराने विनासायास उघडली होती, आणि त्यात कसलीही विद्या नव्हती. कारखान्यातून कुलपे ज्या एकदोन ठरीव अंकांवर लावून पाठवली जात ते अंक त्याने नुसते फिरवून पाहिले होते. फाइनमन यांनी मग तेच अंक घेऊन इमारतीतील कपाटे तपासली, तेव्हा सुमारे पाचांतील एक कपाट उघडले. जगातील सर्वांत दाहक रहस्ये ज्या कपाटांत होती ती कपाटे कारखान्याच्या अंकावर तशीच उभी होती.

इलेक्ट्रॉनिक कुलपाच्या बाबतीत हा धोका आजही तितकाच सजीव आहे, कारण नवे कुलूप पुष्कळदा १२३४५६ यासारख्या अंकावरच गिऱ्हाइकाच्या हाती येते आणि तो अंक पुस्तिकेत छापलेला असतो. तिजोरी घरात आली त्या दिवशी प्रथम हा अंक बदलावा, मगच आत ऐवज ठेवावा. माझ्या मते सबंध पुस्तिकेतील सर्वांत महत्त्वाची ताकीद हीच होय.

कारखान्याचा अंक गेल्यावर अधिकाराच्या वाटपाचा प्रश्न येतो, आणि येथे मात्र थोडे रेंगाळले पाहिजे. कुलपात एक मुख्य अंक असतो, ज्याला मास्टर कोड म्हणतात. त्याच्या खालोखाल कित्येक कुलपांत व्यवस्थापकाचा अंक असतो, आणि त्याहून खाली निरनिराळ्या क्रमांकांवर सामान्य वापरणाऱ्यांचे अंक. मुख्य अंक धारण करणारा नव्या माणसाला अखत्यार देऊ शकतो, जुन्याला बरतर्फ करू शकतो, आणि रजेवर गेलेल्याचा अंक तात्पुरता स्थगितही ठेवू शकतो. पण खालच्या माणसाने स्वतः निवडलेले आकडे त्याला सामान्यतः वाचता येत नाहीत. अधिकार देणारा आणि तो बजावणारा यांच्यामध्ये हा जो पडदा ठेवलेला आहे तो मोठ्या शहाणपणाचा आहे. धाकट्या कारकुनाच्या अंकाने दार उघडले तर ते कारकुनानेच उघडले, वरिष्ठाने त्याच्या नावाने उघडले नाही, ही खातरजमा त्यामुळेच करता येते. जुन्या चक्रांच्या कुलपाचा अंक बदलायचा म्हणजे दार उघडून, मागचे झाकण काढून, खास किल्ली घालून करायचे काम असे, आणि त्याचा कंटाळा म्हणून नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा अंक वर्षानुवर्षे तसाच चाले. नव्या कुलपात हे काम मिनिटाभराचे असल्यामुळे त्या दिरंगाईला आता सबब उरलेली नाही.

दुसरी तजवीज दोन अंकांची. कुलूप या पद्धतीवर लावले, ज्याला ड्युअल मोड असे नाव आहे, की एकट्याचा अंक कितीही बरोबर असला तरी दार उघडत नाही. पहिल्याने आपला अंक दाबल्यावर ठरलेल्या अल्प अवधीत दुसऱ्याने आपला दाबावा लागतो. आपल्याकडील बँकांत तिजोरीखान्याच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात ठेवण्याची जी जुनी पद्धत आहे, किंवा लॉकर उघडताना एक किल्ली बँकेची आणि एक खातेदाराची अशा दोन्ही लागतात, तीच रीत येथे आकड्यांत उतरली आहे. मराठी वाचकाला तर तिचे मूळ आणखी मागे शोधता येईल. सभासदाच्या बखरीवरून दिसते की शिवकाळी प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तोलामोलाचे अधिकारी एकत्र नेमलेले असत, आणि ते सारे एकाच जातीचे नसावेत अशीही दक्षता घेतलेली असे. दरवाजांच्या किल्ल्या हवालदाराच्या हवाली, दप्तर सबनिसाचे, शिबंदी सरनोबताची. यांपैकी एकटा कोणी शत्रूला फितूर झाला तरी त्याच्या एकट्याच्या हातून गड दिला जाऊ नये, हा त्यातील हेतू. त्या काळी हे साधायला तीन माणसे, तीन घराणी आणि धन्याची करडी नजर लागत असे.

तिसरी कलमे काळाची. त्यांतले टाइम लॉक हे सार्जंटच्या घड्याळाचेच रूप आहे: रात्री आठ ते सकाळी नऊ, रविवारी आणि सणावारी दार उघडायचेच नाही, असे एकदा लिहून ठेवले की त्या वेळी मुख्य अंकही मुका होतो. दुसरा प्रकार विलंबाचा, टाइम डिलेचा, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. येथे अंक दाबल्यावर दार लगेच उघडत नाही. नेमलेली मिनिटे, अनेक कुलपांत १ पासून ९९ पर्यंत, वाट पाहावी लागते, आणि ती संपल्यावर जी थोडकी मुदत उघडते तिच्यात अंक पुन्हा दाबावा लागतो. ही मुदत टळली की पुन्हा पहिल्यापासून प्रतीक्षा. पिस्तूल रोखून आलेल्या दरोडेखोराजवळ ज्या एका गोष्टीचा तुटवडा असतो ती म्हणजे वेळ, आणि हे कुलूप त्याच्याकडे नेमकी तीच मागते. पेट्रोलपंपावर किंवा दुकानात कर्मचाऱ्यांना ही तिजोरी तत्काळ उघडता येत नाही अशी जी पाटी ठळकपणे लावतात ती याच विलंबाची जाहीर नोटीस होय. ती दरोडेखोराने बाहेर असतानाच वाचावी आणि आतल्या माणसाला हात लावू नये यासाठी ती लावलेली असते.

या विलंबाविषयी एक बारकावा असा की तो एकदा बसवल्यावर कमी करायचा किंवा रद्द करायचा असेल तर पुष्कळ कुलपांत आधी तो पूर्ण भोगावा लागतो. अंक दाबा, नेमलेली मिनिटे थांबा, मुदत उघडली की मगच नियम बदला. हे वाचताना प्रथम ते त्रासदायक वाटते. पण ज्याच्या कानशिलाला पिस्तूल लावलेले आहे त्या माणसाला नियमच तत्काळ रद्द करता आला असता तर त्या नियमाचे मोल काय उरले असते, एवढा विचार केला म्हणजे ही अडचण कोणाच्या हिताची आहे ते स्पष्ट होते.

संकटाचा अंक, ज्याला इंग्रजी परिभाषेमुळे ड्युरेस कोड असे म्हणतात, तो याच काळजीचा पुढचा टप्पा. एका प्रचलित पद्धतीत आपल्या अंकाचा शेवटचा आकडा एकाने वाढवून दाबायचा असतो. शेवट ५ असेल तर ६, ९ असेल तर ०. दार नेहमीप्रमाणेच उघडते, दरोडेखोराला काहीही वावगे दिसत नाही, पण त्याच क्षणी तारेवरून मूक इशारा बाहेर जातो. अर्थात् ती तार प्रत्यक्ष जोडलेली असली पाहिजे आणि पलीकडच्या टोकाला इशारा ओळखणारे कोणी जागे असले पाहिजे. नुसता अंक ठरवून ठेवल्याने काही घडत नाही. शिवाय भीतीने हात कापत असताना मनुष्याला बेरीज सुचत नाही, म्हणून पेढीवरच्या प्रत्येकाकडून हा अंक शांत वेळी दोनचार वेळा दाबवून घ्यावा, आणि त्यापूर्वी इशारा घेणाऱ्याला अर्थातच वर्दी द्यावी.

नोंदीची व्यवस्था, म्हणजे ऑडिट, ही कुलपाची रोजकीर्द आहे. कोणत्या क्रमांकाच्या अंकाने, कोणत्या दिवशी, किती वाजता दार उघडले, किती वेळा चुकीचा प्रयत्न झाला, हे कुलूप आपल्या स्मृतीत टिपून ठेवते. ही नोंद चोर पकडण्यासाठी आहे असे लोक समजतात. माझ्या मते तिचा मोठा उपकार प्रामाणिक माणसावर आहे, कारण रोकड कमी भरली की पहिला संशय नेहमी कनिष्ठावर जातो आणि आपण निर्दोष आहोत हे सांगण्यास त्याच्यापाशी दुसरा साक्षीदार नसतो. मात्र सोय म्हणून तिघाचौघांनी एकच अंक वापरला तर ही नोंद कोणाचेच नाव सांगू शकत नाही. एका माणसाला एकच अंक आणि एक अंक एकाच माणसाला, एवढे पथ्य तरी लहानात लहान पतपेढीनेही पाळावे.

आपण लिहिलेल्या या जाबत्याच्या वर आणखी कोणाचा हुकूम चालतो काय, हे मात्र विकत घेतानाच विचारून घ्यावे लागते. २०२३ साली अमेरिकेत लिबर्टी सेफ या तिजोऱ्या बनवणाऱ्या कंपनीने न्यायालयाचे वॉरंट घेऊन आलेल्या तपास यंत्रणेला एका ग्राहकाच्या तिजोरीचा अंक पुरवल्याचे उघड झाले, आणि आपल्या तिजोरीचा एक अंक उत्पादकाच्या दप्तरीही असतो हे पुष्कळ ग्राहकांना तेव्हा प्रथमच कळले. पुढे त्या कंपनीने ग्राहकाच्या मागणीवरून असे अंक आपल्या दप्तरातून काढून टाकण्याची सोय केली. २०२४ च्या मार्च महिन्यात रॉन वायडन या सिनेटरांनी तेथील प्रतिहेरखात्याला पत्र लिहून हाच प्रश्न पुन्हा उपस्थित केला: उत्पादकाकडून अंक पूर्ववत करता येणारी कुलपे सरकार स्वतःच्या गुपितांसाठी मान्य करीत नाही, मग सामान्य नागरिकांना त्यांची कल्पना का दिली जात नाही? मालक अंक विसरला, किंवा वारला आणि वारसांना काहीच ठाऊक नाही, अशा प्रसंगी उत्पादकाचा हा अंक उपयोगी पडतो, हे नाकारता येत नाही. पण तो आहे की नाही, असल्यास कोणाच्या दप्तरात आहे, आणि मालकाला तो पुसून टाकता येतो काय, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असणे त्याच्या हक्काचे आहे, आणि दुकानदाराकडून त्याचे उत्तर लेखी घ्यावे.

एवढे सारे ठरल्यावर प्रत्यक्ष अंक बदलण्यास बसावे ते दार सताड उघडे ठेवून. नवा अंक कुलूप दोनदा विचारते. दोन्ही वेळा तोच दाबला तरच तो स्वीकारला जातो, एरवी जुना चालू राहतो. स्वीकाराची खूण मिळाली तरी दार लोटू नये. ते उघडे असतानाच मूठ फिरवून दांडे बाहेर काढावेत, ते हवेत तसेच राहू द्यावेत, नवा अंक दाबून ते पुन्हा आत घ्यावेत, आणि असे निदान तीनदा करावे. दोन अंकांची पद्धत लावलेली असेल तर दुसऱ्या माणसालाही बोलावून त्याच्या हातूनच त्याचा अंक दाबवावा, आणि विलंब लावलेला असेल तर तो एकदा पूर्ण भोगून पाहावा. या वेळी काही चुकले तर नुकसान चार मिनिटांचे होते. दार बंद करून मग चूक कळली तर पोलाद भोकसणाऱ्या कारागिराला पाचारण करावे लागते, आणि त्याचे भोक पडल्यावर ते कुलूप बदलण्यावाचून गत्यंतर नसते. तिसऱ्यांदा दांडे निमूटपणे आत सरकले की ऐवज ठेवावा, मुख्य अंक एका कागदावर लिहून तो पाकिटात मोहोरबंद करून त्या घराबाहेर विश्वासू ठिकाणी पाठवावा, आणि मग दार लावावे.